मत द्या, पण कारणासकट

नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘कंगुवा’ हा मोठा तमिळ चित्रपट पडला. त्यानंतर तमिळ निर्मात्यांच्या संघटनेने थिएटरमालकांना सांगितलं, की पहिला खेळ सुटल्यावर प्रेक्षकांची मतं टिपायला येणाऱ्या यूट्यूबवाल्यांना आवारात घेऊ नका. पुढच्याच महिन्यात प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात गेलं. प्रदर्शनानंतर तीन दिवस समाजमाध्यमांवर परीक्षणं नकोत, अशी मागणी होती. न्यायालयाने तशी अंतरिम मनाई दिली नाही. पण सामान्य प्रेक्षकाला सिनेमातलं काय कळतं, त्याने तिकीट काढावं, बघावं आणि घरी जावं, हा त्या मागणीमागचा विचार आपल्याकडेही बोलला जातो.

हा विचार मला मान्य नाही. आणि ‘आवड ज्याची त्याची, वाद कशाला, तारे देऊन मोकळे व्हा’ हे त्याच्या उलट टोकाचं म्हणणंही मान्य नाही. चित्रपटावर आणि नटांवर निवाडा देण्याचा सामान्य प्रेक्षकाला पूर्ण अधिकार आहे आणि तो पहिल्या खेळापासून आहे. मात्र निवाड्याला कारण लागतं. कारणाशिवाय दिलेला आकडा हा निवाडा नव्हे.

आधी गप्प बसवू पाहणाऱ्यांची बाजू नीट ऐकू. ते म्हणतात, शेकडो माणसांच्या काही वर्षांच्या कष्टावर एखाद्याने शुक्रवारी दुपारी अर्ध्या मिनिटात पाणी ओतणं अन्याय आहे. शिवाय घाईचं मत चुकतं. १५ ऑगस्ट १९७५ ला ‘शोले’ आला तेव्हा सुरुवातीच्या बातम्या निराशेच्या होत्या. शेवट बदलावा का, इथवर निर्मात्यांमध्ये चर्चा झाली. तोच चित्रपट पुढे मुंबईच्या मिनर्व्हा थिएटरला पाच वर्षांहून अधिक चालला. मग तीन दिवस थांबायला काय हरकत आहे?

दाखला खरा आहे, निष्कर्ष चुकीचा आहे. ‘शोले’बद्दलचं पहिलं मत कुणाच्या मौनाने सुधारलं नाही. बघून आलेल्यांनी न बघितलेल्यांना सांगितलं, गब्बरचे संवाद चाळीत आणि कारखान्यात बोलले जाऊ लागले, म्हणून ते सुधारलं. चुकीच्या मतावर औषध असतं ते अधिक मतांचं. तोंड बंद केलं, की चुकीचं मत तसंच राहतं आणि बरोबर मतालाही वाट मिळत नाही.

तीन दिवसांच्या मौनाचा पहिला बळी कोण ठरेल, तेही पाहा. बड्या हिंदी चित्रपटाची जाहिरात मुंबईत अंधेरीच्या लिंक रोडपासून घाटकोपरच्या मेट्रो स्टेशनापर्यंत लागलेली असते, त्याची तिकिटं आगाऊ विकली जातात. लहान मराठी चित्रपटाला बोरिवलीत किंवा मुलुंडला एखादा अडनिड्या वेळेचा शो मिळतो. पुढच्या शुक्रवारी तोही राहणार की जाणार, हे पहिल्या शनिवार-रविवारच्या गर्दीवर ठरतं. २८ एप्रिल २०२३ ला आलेल्या ‘टीडीएम’ला पुरेसे शो मिळेनात, म्हणून दिग्दर्शक भाऊराव कऱ्हाडे यांना प्रदर्शन थांबवावं लागलं. चित्रपट जूनमध्ये पुन्हा आणला गेला. त्याच वर्षी ३० जूनला केदार शिंदे यांचा ‘बाईपण भारी देवा’ आला. सहा बहिणींची आणि मंगळागौरीची ती गोष्ट बघायला बायका घोळक्याने, नटूनथटून गेल्या. एकीने बघितला आणि भिशीत सांगितला, दुसरीने लोकलच्या लेडीज डब्यात सांगितला. थिएटरं भरली ती या सांगण्यामुळे. जाहिरातीला पैसा नसलेल्या चित्रपटाचा सगळा आधार प्रेक्षकाच्या तोंडी असतो. तीन दिवस ते तोंड बंद केलं, तर बडा चित्रपट तरून जाईल आणि लहान चित्रपट सोमवारी संपेल.

दुसरा आक्षेप समजुतीचा. लोकांना कळतं काय? पुष्कळ कळतं. ‘इंटरव्हलनंतर ढेपाळला’ असं एखादी गृहिणी म्हणते तेव्हा ती पटकथेच्या बांधणीवर बोलत असते. आपले बहुतेक चित्रपट मध्यंतर धरून लिहिले जातात. पहिल्या भागात मांडलेला पेच दुसऱ्या भागात पेलला नाही, हे तिने अचूक हेरलेलं असतं. अभिनयाचंही तसंच. पार्ल्याचं दीनानाथ, बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे, मुलुंडचं कालिदास, या नाट्यगृहांत वर्षानुवर्षं बसलेला उपनगरातला प्रेक्षक नटाला जवळून ओळखतो. १२ सप्टेंबर २०२५ ला ‘दशावतार’ आला तेव्हा दिलीप प्रभावळकर ८१ वर्षांचे होते. ज्यांनी त्यांचा चिमणराव पाहिला, ‘हसवाफसवी’ रंगमंचावर पाहिलं, ‘लगे रहो मुन्नाभाई’तले गांधीजी पाहिले, ते ‘दशावतार’मधल्या त्यांच्या बाबुली मेस्त्रीबद्दल बोलतात तेव्हा त्यामागे अर्ध्या शतकाची आठवण असते. चित्रपटातला दशावतार हा कोकणातला लोकनाट्यप्रकार, आणि उपनगरांत सिंधुदुर्गातून आलेली कितीतरी कुटुंबं आहेत. गावच्या जत्रेत रात्रभर दशावतार पाहिलेल्या माणसाला पात्राची चाल जमली का, रंगभूषा बरोबर का, तोंडचे संवाद अस्सल वाटतात का, हे विचारा. इतक्या जवळून दशावतार पाहिलेला परीक्षक क्वचितच भेटेल.

आता दुसरं टोक. आवड व्यक्तिगत असते हे कबूल. पण आवडणं आणि चांगलं असणं या दोन गोष्टी आहेत. मला एखादा नट आवडतो, याला कुणी उत्तर देऊ शकत नाही. अमुक प्रसंगात त्याने आवाज न चढवता राग दाखवला, याला उत्तर देता येतं, ते पडताळता येतं, खोडताही येतं. ताऱ्यांचा आकडा नेमकी ही सोय काढून घेतो. दहापैकी सात म्हणजे संगीताला सात, कथेला सात, की आवडत्या नटाला म्हणून सात?

शिवाय आकडा पळवता येतो. मार्च २०२२ मध्ये ‘द कश्मीर फाइल्स’वर इतकं असाधारण मतदान झालं, की आयएमडीबी या संकेतस्थळाला आकडेमोडीची पद्धत बदलून तशी सूचना लावावी लागली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘लाल सिंग चढ्ढा’ पडद्यावर येण्याआधीच त्याच्यावर बहिष्काराची मोहीम सुरू झाली होती. एकीकडे दहाचा मारा, दुसरीकडे न बघताच नकार. नेटफ्लिक्सने २०१७ मध्ये तारे काढून अंगठा आणला, कारण लोक पाच तारे गंभीर माहितीपटांना देत होते आणि प्रत्यक्षात बघत होते हलक्याफुलक्या विनोदी गोष्टी. म्हणजे आकडा स्वतःच्या आवडीबद्दलही खरं बोलत नाही.

आकड्याइतकंच फसवं आहे तुकड्यावरून दिलेलं मत. २०२५ मध्ये अक्षय खन्ना यांच्या दोन भूमिका गाजल्या: फेब्रुवारीत ‘छावा’तला औरंगजेब, डिसेंबरमध्ये ‘धुरंधर’मधला रहमान डकैत. दुसऱ्यातल्या नाचाचा तुकडा मोबाइलवर इतका फिरला, की चित्रपट न बघितलेल्यांनीही त्यांना त्यातल्या नायकाच्या, रणवीर सिंगच्या वर बसवलं. असेलही ते खरं. पण ठरवायचं कसं? औरंगजेबाच्या भूमिकेत त्यांना थकलेलं शरीर, जड रंगभूषा आणि दबका आवाज घेऊन दरारा उभा करायचा होता. रहमानला देहबोलीची सगळी मोकळीक होती. कोणतं काम कठीण, हा वाद रंगण्यासारखा आहे, पण दोन्ही चित्रपट पूर्ण पाहिलेल्यांमध्येच.

‘छावा’च्या निमित्ताने आपल्या घरांतलीच एक अडचण सांगायला हवी. विकी कौशल यांनी संभाजी महाराजांच्या भूमिकेत जीव ओतला, पण भोवतालची पात्रं पातळ राहिली, असं कुणी म्हटलं की लगेच त्याच्या निष्ठेवर बोट ठेवलं जातं. छत्रपती संभाजी महाराजांवरची श्रद्धा आणि एका चित्रपटाची पटकथा या वेगळ्या गोष्टी आहेत. महाराजांवरचा चित्रपट उत्तमच असला पाहिजे असं ज्याला वाटतं, तोच त्यातल्या उणिवा दाखवतो. त्याला गप्प करणं म्हणजे थोर विषयाच्या आडून सुमार काम खपवायला मोकळीक देणं.

म्हणून माझी मांडणी अशी. आधी पूर्ण बघा. मग आकडा न सांगता एक प्रसंग सांगा, ज्यावर तो चित्रपट तुमच्यासाठी उभा राहिला किंवा कोसळला. नट आणि त्याला मिळालेली भूमिका वेगवेगळी तोला. कच्च्या लिहिलेल्या भूमिकेचा दोष नटाच्या माथी मारू नका आणि लाडक्या नटासाठी कच्चं लेखन माफही करू नका. समोरच्याने तुम्हाला न दिसलेलं काही दाखवलं, तर मत बदला. मुंबईत ‘प्रभात चित्र मंडळ’ने १९६८ पासून जगभरचे चित्रपट दाखवून त्यांवर चर्चा करणारा प्रेक्षक घडवला. ती सवय फिल्म सोसायटीच्या सभासदांपुरती का राहावी? बोरिवलीच्या गृहसंकुलाच्या हॉलमध्ये, मुलुंडच्या वाचनालयात, घाटकोपरहून सुटणाऱ्या मेट्रोच्या डब्यात ती तितकीच शोभेल.

निर्माते प्रेक्षकाचं मत गर्दीवरून मोजतात, आणि गर्दी चित्रपट चालला की पडला एवढंच सांगते. का चालला, कुठे पडला, पुढच्या वेळी काय हवं, हे फक्त कारण देणारा प्रेक्षक सांगू शकतो. तो बोलला नाही, तर चाललेल्या चित्रपटाच्या नकला निघत राहतील आणि त्याच आपल्यासमोर येतील. चांगला सिनेमा हवा असेल, तर आपल्याला तो का आणि कसा हवा, हे मोठ्याने आणि कारणासकट सांगणं हे प्रेक्षकाचं काम आहे. ते दुसरं कुणी करणार नाही.