वजनाशिवाय चिठ्ठी नको

३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यात बारा मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजले गेले. मुले बचावली, कर्मचाऱ्यांवर निलंबनाची कारवाई झाली. निष्काळजी माणूस हटवला की चूक हटते, हा आपल्या प्रशासनाचा लाडका सिद्धांत. मला तो मान्य नाही. लसीच्या जागी सॅनिटायझरची बाटली हातात येऊ शकते, ही व्यवस्था निलंबित कोणी करायची?

रुग्णालयातली मुलांची औषधे तर याहून अवघड. मोठ्यांना ठरलेली गोळी. इथे प्रत्येक डोसमागे गणित. जेंटामायसिनची सर्रास मिळणारी कुपी दोन मिलिलिटरमध्ये ८० मिलिग्रॅमची. दोन किलोच्या बाळाला किलोमागे पाच मिलिग्रॅम धरले, तर लागते पाव मिलिलिटर. रात्रपाळीत, पुसट दशांशचिन्हापुढे हे गणित हुशार निवासी डॉक्टरचेही चुकू शकते, आणि चुकले की दहापट चुकते. बोस्टनमधल्या दोन रुग्णालयांत २००१च्या अभ्यासात मुलांच्या १०,७७८ औषध-आदेशांत ६१६ चुका सापडल्या. तिथले डॉक्टर काही आळशी नव्हते.

‘संगणक आणा, प्रश्न मिटेल’ असे दुसरे म्हणतात. पिट्सबर्गच्या एका बालरुग्णालयात संगणकीय आदेशपद्धत आल्यावर बाहेरून हलवून आणलेल्या मुलांतले मृत्यू २.८० टक्क्यांवरून ६.५७ वर गेल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. यंत्र घाईने बसवले, कामाची रीत विस्कटली. संगणक जरूर यावा. पण वजनच भरले नाही तर तो तरी काय मोजणार?

‘एवढ्या गर्दीत वेळ कुठे?’ हा आक्षेप मात्र खरा आहे. सोलापूरच्या सिव्हिलला अक्कलकोटपासून धाराशिवपर्यंतची मुले येतात. कुणाची आई कन्नड बोलते, कुणाची तेलुगू. पण म्हणूनच तर घरी जाताना ‘एक चमचा’ हे माप चालणार नाही. पॅरासिटामॉलच्या ड्रॉप्सचा पाच मिलिलिटरचा चमचा म्हणजे ५०० मिलिग्रॅम. दहा किलोच्या मुलाला १५० पुरतात. आईच्या हाती खुणेची सिरिंज द्या, खूण दाखवा, तिच्याकडून एकदा भरून घ्या.

आणि वॉर्डात? केसपेपरवर आजचे वजन किलोत, डोस मिलिग्रॅममध्ये, शेजारी किलोमागचा हिशेब. जोखमीच्या इंजेक्शनला दुसऱ्या सिस्टरची स्वतंत्र पडताळणी. ‘सर, हा डोस जास्त वाटतो’ म्हणणाऱ्या सिस्टरवर डाफरणाऱ्या वरिष्ठांना आधी समज द्यावी. सोलापुरातल्या सरकारी, सहकारी आणि खासगी रुग्णालयांनी एवढे तरी ठरवावे: मुलाचे वजन नसलेली चिठ्ठी औषध विभागाने परत पाठवायची, मग ती विभागप्रमुखांची का असेना.