सातचा भोंगा



मागल्या पंधरवड्यात तुरीची पाहणी करायला मानवतकडच्या एका वस्तीवर गेलो होतो. दिवेलागणीची वेळ. ओसरीवर डेअरीला घालायच्या दुधाची किटली भरून ठेवलेली. आत टीव्हीपुढे सात-आठ वर्षांचा नातू. आजी म्हणाल्या, "डब्यातली पावडर टाकल्याबिगर दूध पीत नाही साहेब. टीव्हीतलं लेकरू ते पिऊन उंच होतं म्हणतो."

घरच्या म्हशीचे दूध त्या लेकराला कमी वाटू लागले. हे जाहिरातीने केले.

थोडा हिशेब करू. 1994 च्या केबल टीव्ही नियमांनी जाहिरातींना तासाला 12 मिनिटांची मर्यादा घातली. ती पाळली असे धरले, तरी रोज दोन तास टीव्ही पाहणारे लेकरू महिन्याला 12 तास नुसत्या जाहिराती पाहते. मोबाइलवरच्या निराळ्याच.

यावर सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने एक वाट काढली. करोनाकाळात शाळा मोबाइलवर आली, मग शाळा उघडली तरी मोबाइल काही सुटेना. 14 ऑगस्ट 2022 रोजी गावाने बैठकीत ठरवले आणि दुसऱ्या दिवसापासून देवळावरचा भोंगा संध्याकाळी सातला वाजू लागला. साडेआठच्या भोंग्यापर्यंत टीव्ही आणि मोबाइल बंद. आधी काही पुरुष हसले. बायकांनी मात्र आपणही मालिका फार पाहतो हे कबूल केले. सुरुवातीला ग्रामपंचायतीची माणसे घरोघर सांगत फिरली.

यात ध्यानात घ्यायची गोष्ट एकच. भोंगा नुसता लेकरांसाठी नव्हता, थोरांसाठीही होता. बाप मोबाइल चाळत बसला आणि पोराला म्हणाला "अभ्यास कर," तर पोर कशाला ऐकेल?

केंद्र सरकारने 9 जून 2022 रोजी जाहिरातींसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. बुद्धी किंवा ताकद वाढते असा दावा मुलांच्या जाहिरातीत पुराव्याशिवाय करता येत नाही. आईबापांना वस्तू घ्यायला लावा, असे मुलांना थेट सांगता येत नाही. चिप्स आणि थंड पेयांच्या जाहिराती मुलांच्या कार्यक्रमात दाखवता येत नाहीत. पण कायदा काही आपल्या ओसरीवर येऊन बसत नाही. तिथे आपणच बसायचे.

पिकाच्या टॉनिकची जाहिरात पाहून आपणही बाटली उचलतोच की! तेव्हा मी विचारतो, "यात आहे काय? विद्यापीठाची शिफारस आहे का?" तसेच लेकरांना विचारायला शिकवा: हे सांगतंय कोण? त्याला पैसे कोण देतं? डब्यावर काय लिहिलंय? वाचता येणाऱ्या पोराकडूनच डब्यावरचे साखरेचे प्रमाण मोठ्याने वाचून घ्या. दहा वेळा रागावण्यापेक्षा ते कामी येते.

नवे वाण आपण आधी चार ओळींत लावून पाहतो. तसेच हेही आठ दिवस करून पाहा. गावात भोंगा नसेल तर देवापुढे दिवा लागला की टीव्ही बंद, मोबाइल फळीवर. लेकरांनी अभ्यास करावा, थोरांनी जवळ बसावे, मग सगळ्यांनी मिळून जेवावे. पहिले दोन-तीन दिवस रडारड होईल. आजीने गोष्ट सांगायला घेतली की तीही थांबेल.

त्या आजींना मी एवढेच सांगून आलो: दूध डेअरीला घालण्याआधी नातवाचा पेला काढून ठेवा, आणि तो पिईपर्यंत त्याच्याजवळ बसा.