स्वेच्छेचा राजीनामा

‘स्वेच्छा’ या शब्दास अलीकडे दोन अर्थ प्राप्त झाले आहेत. एक कोशांतला, दुसरा खाजगी कचेऱ्यांतील मनुष्यबळ विभागाचा. या दुसऱ्या अर्थाचा परिचय आम्हांस गेल्या महिन्यांत घडला.

आमचे एक महाविद्यालयीन सहाध्यायी संध्याकाळीं घरीं आले. वय ५४, एकाच कंपनींत २३ वर्षें सेवा, हुद्दा व्यवस्थापकाचा. चहा निवून गेला तरी त्यांचें लक्ष खिशांतील कागदाकडे होतें. अखेर तो त्यांनीं आमच्यापुढें उलगडला. वैयक्तिक कारणास्तव आपण स्वेच्छेनें राजीनामा देत आहों, एवढाच मजकूर; तोहि कंपनीनेंच तयार करून दिलेला. सही दुसऱ्या दिवशीं दुपारपर्यंत हवी होती. न केल्यास कामाविषयीं प्रतिकूल शेरा मारून काढूं, असें तोंडीं बजावण्यांत आलें होतें. त्याच आठवड्यांत आणखी सहा जणांस असेच कागद मिळाले होते, आणि त्यांत पंचेचाळिशीच्या आंतला एकहि नव्हता. ‘वय’ हा शब्द मात्र कोणींच उच्चारला नव्हता. ‘नवी दृष्टि’, ‘ताजें रक्त’ असे शब्द वापरले गेले.

“तूं तरी सांग, सही करूं काय?” त्यांनीं विचारलें. आमच्यासारख्या अनुदानित महाविद्यालयांतील प्राध्यापकाची निवृत्ति नियमानें ठरलेली असते. तेव्हां सुरक्षित खुर्चींत बसून धीटपणाचा उपदेश करणें सोपें आहे, याची आम्हांस जाणीव होती. तरीहि आम्ही ‘करूं नकोस’ म्हणालों.

जुन्यांनीं नव्यांस वाट द्यावी, हा युक्तिवाद आमच्या परिचयाच्या सुशिक्षित मंडळींतहि ऐकूं येतो. ठरलेल्या वयास, ठरलेल्या नियमानें वाट देण्यास कोणाची हरकत नाहीं. परंतु चोपन्नाव्या वर्षीं, घराचे हप्ते चालू असतां आणि मुलगी अजून शिकत असतां, एका दुपारींत वाट मोकळी करा म्हणणें याला वाट देणें म्हणत नाहींत. शिवाय त्या जागीं तरुणाची कायम नेमणूक होतेच, असें कोणीं सांगितलें? जागाच रद्द होते, किंवा अकरा महिन्यांच्या कराराचें माणूस येतें. तरुणांचें नांव पुढें करून पगाराची बचत साधावयाची, हा त्यांतील व्यवहार आहे. त्यास पिढ्यांच्या कर्तव्याचा मुलामा देण्याचें कारण नाहीं.

आतां कायद्याकडे वळूं. आपल्या संविधानाच्या १५व्या अनुच्छेदांत धर्म, वंश, जात, लिंग व जन्मस्थान यांवरून भेद करण्यास राज्यास मनाई आहे. १६व्यांत सरकारी नोकरीपुरती कूळ व निवास यांची भर पडली. वय दोन्हींकडे नाहीं, आणि खाजगी मालक त्यांच्या कक्षेंत येतच नाहीं. एअर इंडियाच्या हवाई सेविकांचा खटला आमच्या पिढीस आठवत असेल. पुरुष सेवकांस ५८पर्यंत नोकरी. सेविकांस ३५व्या वर्षीं निरोप, पुढें ४५पर्यंतची मुदतवाढ साहेबांच्या मर्जीवर. नर्गेश मिर्झा व त्यांच्या सहकारी न्यायालयांत गेल्या. १९८१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें पहिल्या गर्भारपणाबरोबर नोकरी संपविणारा नियम रद्द केला आणि मुदतवाढींतील साहेबांची लहरहि मोडून काढली. परंतु पुरुषांचा व स्त्रियांचा वर्ग निराळा, असें म्हणून वयांतील मूळ तफावत मात्र तशीच राहूं दिली. जिंकलेल्या खटल्यांतहि वयाचा प्रश्न हरलाच.

अमेरिकेंत चाळीस व त्यापुढील वयाच्या नोकरांस संरक्षण देणारा कायदा १९६७ सालीं झाला. १९९० सालीं त्यास जोड मिळाली ती अशी कीं, वयासंबंधींचा हक्क सोडल्याच्या कागदावर सही घ्यावयाची तर नोकरास विचारासाठीं निदान २१ दिवस द्यावे, सहीनंतर ती मागें घेण्यास ७ दिवस द्यावे, आणि वकिलाचा सल्ला घ्या असें लेखी कळवावें. एकवीस दिवस! आमच्या स्नेह्यांस वीस तासहि मिळाले नव्हते.

आपल्याकडेहि शेवटीं आलेल्यानें सामान्यतः आधीं जावें, हें तत्त्व १९४७च्या औद्योगिक कलह कायद्यांत होतें व २०२०च्या औद्योगिक संबंध संहितेंतहि आहे. पण तें कामगारासाठीं, व्यवस्थापकासाठीं नव्हे. येथें आम्हां मध्यमवर्गीयांचा अहंकार आमच्याच मुळावर आला. संघ, संप, कामगार न्यायालय या गोष्टी आपल्या नव्हेत, असें आम्ही मानीत आलों. पगाराऐवजीं हुद्दा वाढवून मिळाला तरी पेढे वांटले. त्या हुद्द्याबरोबर कायद्याचें छत्र गमावलें, हें कळावयास चोपन्नावें वर्ष उजाडावें लागलें. व्यवस्थापकास दिवाणी दावा लावतां येतो. परंतु खाजगी सेवेच्या करारांत न्यायालय नोकरी सहसा परत देत नाहीं, आणि भरपाईहि बहुधा नोटिशीच्या मुदतीच्या पगाराएवढीच.

म्हणून वकिलाकडे जावयाचें तें सहीच्या आधीं. धाकानें घेतलेली संमति ही मोकळी संमति नव्हे, असें १८७२चा करार कायदा सांगतो खरा. पण धाक सिद्ध करण्याचा भार सही करणाऱ्यावर पडतो, आणि तोंडी धमकीला साक्षीदार कोठून आणावा? खर्चाची भीति अनेकांस अडविते. तथापि १९८७च्या विधिसेवा कायद्यानें स्त्रियांस, उत्पन्न कितीहि असो, आणि औद्योगिक कामगारांस विनामूल्य वकील मिळतो, ही गोष्ट सुशिक्षित घरांतहि फारशी ठाऊक नसते.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही स्नेह्यांबरोबर वकिलांकडे गेलों. कागद कोरा पाहून त्यांनीं समाधानाची मान हलविली आणि विचारलें, “तुमच्या हाताखालीं माणसें किती?” आमचे स्नेही घुटमळले. रजा मंजूर करण्याचा अधिकार? तोहि नाहीं. दिवसभर काम काय? यंत्रांचे आराखडे तपासणें. हुद्द्यावर पाटी कोणतीहि असो, न्यायालय प्रत्यक्ष काम पाहतें, असें सांगून वकील अर्ज लिहावयास बसले. हाताखालीं एकहि माणूस नाहीं, ही गोष्ट आमच्या स्नेह्यांनीं दहा वर्षें घरींसुद्धां सांगितली नव्हती.