स्मृतिशिलांची सफाई: हेतू चांगला, साधन घातक

२ नोव्हेंबरचा मृतांचा स्मरणदिन जवळ आला की गोव्यातील दफनभूमींत लगबग सुरू होते. पावसाळ्यात माजलेले गवत काढले जाते, थडगी घासली जातात, क्रूसांना चुना किंवा रंग चढतो. यामागील श्रद्धा निर्विवाद आहे. प्रश्न आहे तो साधनांचा. जुन्या, लेख कोरलेल्या शिलांवर आम्ल, तारेचा ब्रश किंवा पाण्याचा जोरदार फवारा वापरला, तर पावसाने शतकभरात केले नसेल तेवढे नुकसान एका दुपारी होऊ शकते.

दगड कशाने झिजतो, हे आधी पाहायला हवे. संगमरवर आणि चुनखडक आम्लाने विरघळतात. हवेतील गंधकाचे वायू ओलाव्याशी मिसळून त्यांच्या पृष्ठभागाचे जिप्समात रूपांतर करतात आणि त्यात धूळ व काजळी अडकून काळी पुटे धरतात. जांभ्याची गोष्ट निराळी. तो सच्छिद्र असतो. पाणी आणि खाऱ्या वाऱ्यातील क्षार पोटात घेतो. पाणी सुकले की क्षारांचे स्फटिक होतात आणि आतून दाब येऊन पापुद्रे सुटतात. म्हणूनच जांभ्यावर पूर्वी चुन्याचा गिलावा देत असत. तो ओल बाहेर पडू देतो आणि झीज स्वतःवर घेतो. त्याजागी सिमेंट थापले की ओल आतच कोंडते. वरून डागडुजी झाल्यासारखे दिसते, आतून चिरा कुजत राहतो.

या शिलांचे मोल केवळ भावनिक नाही. जुने गोवे येथील सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी चर्चची जमीनच कोरीव थडग्यांच्या शिलांची आहे. १८३५ साली ओस पडलेल्या सेंट ऑगस्टिन मठाच्या अवशेषांत जॉर्जियाच्या राणी केतेवान यांच्या अस्थींचा शोध लागला, तो जुन्या पोर्तुगीज नोंदी आणि तेथील थडग्यांवरील लेख पडताळूनच. जनुकीय तपासणीने त्याला पुष्टी दिली आणि २०२१ मध्ये भारताने अस्थींचा अंश जॉर्जियाच्या स्वाधीन केला. ती अक्षरे कोणी घासून पुसली असती, तर हा दुवा कदाचित जुळलाच नसता.

हा विषय एका धर्मापुरताही नाही. देवळांच्या आवारातील वीरगळ आणि सतीशिळा याही मृतांच्याच स्मृती आहेत. तेल, शेंदूर आणि ऑइलपेंटच्या थरांखाली त्यांतील अनेकींचे शिल्पांकन हरवत चालले आहे. गोव्याच्या राज्य संग्रहालयातील वीरगळांवर नौकायुद्धाची दृश्ये दिसतात. कदंबकालीन आरमाराचा तो दगडी पुरावा आहे. उघड्यावर उभ्या शिळांना मात्र असे छप्पर नाही.

उपाय महाग नाहीत. प्रथम शिलेचे छायाचित्र घ्यावे आणि लेख उतरवून ठेवावा. दगड पोकळ वाजत असेल किंवा भुगा सुटत असेल, तर त्याला हात लावू नये. धड असल्यास स्वच्छ पाणी, मऊ नैसर्गिक केसांचा ब्रश आणि भरपूर संयम एवढे पुरते. आधी कोपऱ्यात चाचणी घ्यावी. शेवाळ भिजवून अलगद काढावे. दगडफूल घट्ट रुतले असेल तर ओरबाडू नये. आम्ल, ब्लीच आणि पॉलिश कटाक्षाने टाळावे. तुटलेले जोडण्याचे काम जाणकारांचे आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची विज्ञान शाखा अशाच रासायनिक जतनासाठी आहे. संरक्षित स्मारकात तर परवानगीविना ब्रशही लावता येत नाही.

खरी अडचण संरक्षित यादीबाहेरच्या शिलांची आहे. त्यांचा सांभाळ चर्चच्या, देवस्थानांच्या आणि कुटुंबांच्या हाती आहे. त्यांना दंडाची भीती नको, मार्गदर्शन हवे. पुरातत्त्व खात्याने मराठी आणि कोकणीत साधी पत्रके काढावीत, ऑक्टोबरमध्ये गावोगावी प्रात्यक्षिके घ्यावीत आणि जुन्या लेखांची नोंदवही उघडावी. कालच्या थडग्याला रंग देण्याचा हक्क कुटुंबाचा आहे. दोनशे वर्षांपूर्वीच्या अक्षरांवर मात्र पुढच्या पिढ्यांचाही हक्क आहे, आणि ती एकदा पुसली की कोणत्याही निधीतून परत येत नाहीत.