प्रथमोपचाराचे प्रशिक्षण निवडताना आधी शेतातला धोका पाहा

21 नोव्हेंबर 2025 पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांतल्या सुरक्षा व आरोग्यविषयक संहितेने कामाच्या ठिकाणी प्रथमोपचार पेटी ठेवण्याची जबाबदारी मालकावर टाकली आहे. कारखान्यांना हे नवे नाही. दर 150 कामगारांमागे एक पेटी आणि ती सांभाळायला प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र असलेला माणूस, अशी तरतूद 1948 च्या कारखाना कायद्यातच होती. साखर कारखाना असो की जिनिंग, तिथे निदान विचारणारा कुणीतरी असतो.

पण शेतकरी बंधूंनो, आपल्या शेताचे काय? ही संहिता मुख्यतः दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी आहे. चार बाया निंदणीला, दोन गडी फवारणीला आणि एक ट्रॅक्टरवाला, अशा शेतावर पेटी तपासायला कुणी यायचे नाही. धोका मात्र कारखान्यापेक्षा कमी नाही. विषारी औषध, वीज, यंत्र, विहीर आणि साप हे सगळे एकाच बांधावर आहे.

पैसा मिळतो तो नंतर

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत अपघाती मृत्यूसाठी 2 लाख रुपये मिळतात. योजना गरजेची आहे, पण ती खातेदार आणि त्याच्या कुटुंबातील एक सदस्य यांच्यासाठी आहे. पाठीवर पंप घेणारा पुष्कळदा भूमिहीन मजूर असतो. त्याच्या नावावर सातबारा नाही, म्हणून त्याचा प्रस्तावही होत नाही. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक जण दगावले आणि शेकडो दवाखान्यात गेले. त्यांत मजूरही होते. अशा माणसाच्या घरासाठी पहिल्या अर्ध्या तासात मिळालेली योग्य मदत हाच मोठा विमा आहे.

कोणते प्रशिक्षण घ्यावे?

सेंट जॉन अॅम्ब्युलन्स आणि भारतीय रेडक्रॉस या जुन्या संस्था प्रथमोपचाराचे वर्ग घेतात. अलीकडे खासगी संस्थाही गावोगाव येऊ लागल्या आहेत. दोन तास भाषण, एक फोटो आणि प्रत्येकाला प्रमाणपत्र, असा कार्यक्रम स्वस्तात होतो, पण वेळेला उपयोगी पडत नाही. आधी आपल्या शिवारातल्या धोक्यांची यादी करावी आणि ती प्रशिक्षकापुढे ठेवावी. या गोष्टी शिकवणार का, हे स्पष्ट विचारावे :

1. फवारणीची विषबाधा. रोग्याला शेताबाहेर मोकळ्या हवेत आणणे, भिजलेले कपडे काढणे, अंग साबणाने व डोळे स्वच्छ पाण्याने पंधरा मिनिटे धुणे. लेबलवर किंवा डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय उलटी करवू नये. औषधाचा डबा व माहितीपत्रक दवाखान्यात सोबत न्यावे, कारण उतारा त्यावर छापलेला असतो.

2. सर्पदंश. नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांच्या विषावर सरकारी दवाखान्यातली प्रतिसर्पविष लस हाच उपाय आहे. दोरी आवळू नये, चिरा देऊ नये, विष चोखू नये. अंगठी, बांगड्या काढाव्यात, चावलेला हात-पाय फळीला बांधून स्थिर ठेवावा आणि रोग्याला न चालवता गाडीने न्यावे.

3. विजेचा धक्का. आधी प्रवाह बंद करावा, मगच माणसाला हात लावावा. श्वास थांबला असेल तर छाती दाबण्याची क्रिया मिनिटाला 100 ते 120 वेळा करावी लागते. ही ऐकून येत नाही. सरावाचा पुतळा नसेल तर तो वर्ग घेऊ नये.

4. मळणीयंत्र आणि कडबाकुट्टी. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने जखम घट्ट दाबून धरावी. हळद, तंबाखू भरू नये. तुटलेले बोट स्वच्छ कापडात गुंडाळून पिशवीत घालावे आणि ती पिशवी बर्फात ठेवावी. बोट थेट बर्फात ठेवू नये.

5. विहीर आणि गोबरगॅसचा खड्डा. आत पडलेल्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा, आणि एका घरातले दोन-तीन जीव जातात. वायू असल्याची शंका आली तरी उतरू नये, हे शिकवणेसुद्धा प्रथमोपचारच आहे.

शिकवायचे कुणाला?

यादीत सरपंच आणि सोसायटीच्या संचालकांची नावे आधी लागतात. पण अपघात होतो तेव्हा ते शेतात नसतात. शेतात असतो तो मुकादम, ट्रॅक्टरचा ड्रायव्हर, फवारणीवाला आणि मजूर बाया. प्रत्येक टोळीत निदान दोघे शिकलेले असावेत. एकच असला आणि त्यालाच साप चावला तर काय करणार? शिवाय शिकलेले विसरायला वर्ष पुरते. म्हणून दरवर्षी खरिपाच्या तोंडावर अर्धा दिवस उजळणी ठेवावी. वर्ग मराठीत, शक्यतो शिवारातच व्हावा, म्हणजे स्टार्टर कुठे आहे, गाडी कुठवर येते हेही कळते. 108 ला फोन केल्यावर पत्ता कसा सांगायचा, याचाही सराव करून घ्यावा.

खर्च कुणाचा, हा प्रश्न येणारच. 1971 च्या कीटकनाशक नियमांनी उत्पादक, विक्रेते आणि फवारणीचा व्यवसाय करणारे यांच्यावर कामगारांना सुरक्षिततेचे प्रशिक्षण देण्याची जबाबदारी टाकली आहे. हंगामात औषधांची जाहिरात करायला कंपन्या गावात येतात, तेव्हा त्यांच्याकडे हा वर्ग हक्काने मागावा. बाकीच्या विषयांसाठी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना विनंती करावी आणि लागणारी रक्कम ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात धरावी. ग्रामपंचायत अधिकारी आणि पोलीस पाटील यांनी येत्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा. ठरावासोबत टोळीनिहाय नावे लिहिली गेली तरच तो ठराव कामाचा, एवढे ध्यानात ठेवावे.