मार्जाराचें मार्जन

अमरकोशांत मांजराला ओतु, बिडाल, मार्जार, वृषदंशक आणि आखुभुक् अशीं पांच नांवें दिलीं आहेत. त्यांपैकीं मार्जार हा शब्द ‘मृज्’ म्हणजे स्वच्छ करणें या धातूपासून झाला आहे. दिवसांतून अनेक वेळां स्वतःचें अंग चाटून पुसून काढतो तो मार्जार. असा प्राणी म्हातारपणीं निजल्या जागीं ओला होऊं लागला, तर तो आळसानें किंवा खोडसाळपणानें तसें करतो, हें म्हणणें त्याच्या स्वभावास सोडून आहे. तरीही आमच्या राणीसावरगांवाकडे काय किंवा इतरत्र काय, अशा मांजराच्या वांट्यास बहुधा केरसुणीचा फटका येतो आणि पुढें पोत्यांत घालून वेशीपलीकडे सोडण्याची भाषा सुरू होते. पाळलेल्या जनावरास उपासमारीनें व तहानेनें क्लेश होतील अशा स्थितींत टाकून देणें हा प्राण्यांना क्रूरतेनें वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याप्रमाणें गुन्हा आहे. परंतु कायद्याचें भय घालण्यापेक्षां रोगाचें स्वरूप समजावून देणें अधिक उपयोगी पडेल.

सुश्रुतसंहितेंत ज्या गांठीस अर्बुद म्हटलें आहे, तशी गांठ मांजराच्या मूत्राशयांतही होऊं शकते. हा विकार मांजरांत विरळा, आणि झाला तर बहुधा उतारवयांत. त्यांतील अधिक आढळणारा प्रकार म्हणजे मूत्राशयाच्या आंतल्या अस्तराचा कर्करोग. लघवींत रक्त, वारंवार बसणें, कुंथणें, थेंब थेंब गळणें हीं त्याचीं लक्षणें. तींच लक्षणें मूत्राशयाच्या साध्या दाहांत व खड्यांतही दिसतात. शिवाय अर्बुदाबरोबर जंतुसंसर्गही असूं शकतो. त्यामुळें औषधानें चार दिवस बरें वाटतें आणि खरा रोग मागें लपून राहतो. म्हणून म्हाताऱ्या मांजराचा त्रास पुनः पुनः उलटत असेल, तर मूत्रपरीक्षा व सोनोग्राफी करून घ्यावी. आमच्या बाजूच्या लोकांस गंगाखेडवरून परभणीस जातां येतें. तेथें १९७२ सालीं स्थापन झालेलें पशुवैद्यक महाविद्यालय आहे.

ओलें अंथरूण पाहून एकच निष्कर्ष काढूं नये. मूत्राशयाच्या दाहामुळें मांजरास घाई होते व तें वाळूच्या पाटीपर्यंत पोंचत नाहीं, हा एक प्रकार. झोपेंत नकळत गळतें, हा दुसरा. तिसरा प्रकार सर्वांत घातक: गांठीनें मूत्रमार्ग अडतो, मूत्राशय तुडुंब भरतो आणि वरचेवर थोडेंसें ओसंडतें. घरच्या माणसांस वाटतें कीं लघवी होते आहे. वस्तुतः ती तुंबलेली असते. मांजर पुनः पुनः बसतें पण कांहीं होत नाहीं, ओकतें, खात नाहीं, पोट दाबतांच ओरडतें, असें दिसलें तर सकाळची वाट न पाहतां पशुवैद्याकडे न्यावें. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असल्यामुळें त्याच्या बाबतींत हें विशेष लक्षांत ठेवावें. पोट दाबून मूत्र काढण्याचा घरगुती प्रयोग मुळींच करूं नये. गांठ असलेला मूत्राशय फुटण्याचा संभव असतो.

गांठ सोयीच्या जागीं असेल तर शस्त्रक्रियेनें काढतां येते. मूत्राशयाच्या मुखाशीं असेल तर तें फार अवघड. तेव्हां दाह व वेदना कमी करणारीं औषधें पशुवैद्य देतात. तीं त्याच्याच मापानें द्यावीं. माणसाचें पॅरासिटामॉल मांजराचें यकृत पचवूं शकत नाहीं. एक गोळीही त्याचा जीव घेऊं शकते. दयाबुद्धीनें दिलेली गोळी आणि द्वेषानें दिलेलें विष यांचा परिणाम येथें एकच होतो.

आतां नित्याची शुश्रूषा. अंथरूण शेणानें सारवलेल्या जमिनीवर न ठेवतां फरशीवर ठेवावें, कारण जमींत मुरलेला वास निघत नाहीं. खालीं मेणकापड, त्यावर जुन्या लुगड्याची चौपदरी घडी. अशा तीन-चार घड्या असाव्यात; एक अंगाखालीं, एक उन्हांत, एक धुण्यांत. वाळूची पाटी अंथरुणापासून दोन पावलांवर, आणि तिची कड इतकी कमी कीं म्हाताऱ्या पायांस ती ओलांडतां यावी. मागचे केंस कात्रीनें बेतानें कमी करावे. सकाळ-संध्याकाळ व जेव्हां भिजेल तेव्हां कोमट पाण्यानें पुसून लगेच कोरडें करावें, नाहींतर मूत्रानें कातडी पोळते. पावसाळ्यांत अशा ओल्या अंगावर माशी बसून किडे पडतात, म्हणून दररोज पाहावें. लंगोट बांधल्यास तो वरचेवर बदलावा.

फिनेल, डेटॉल, कापूर, निलगिरीचें तेल यांपैकीं कांहींही मांजराच्या अंगास किंवा अंथरुणास लावूं नये. तें अंग चाटणारें जनावर आहे. जें कातडीवर तें पोटांत. लहान मुलांस लावण्याचें जस्तयुक्त मलमही त्याच कारणास्तव वर्ज्य. मूत्र कमी व्हावें म्हणून पाणी तोडणें ही तर शुद्ध क्रूरता. पाणी सदैव जवळ असावें.

एकत्र कुटुंबांत खरा प्रश्न निराळाच असतो. मांजर लाडावतात घरांतलीं सर्व माणसें आणि ओलीं फडकीं धुते एकटी सून. तिनें कुरकूर केली तर ती निर्दय ठरते! देवघर व स्वयंपाकघर यांपासून अंथरूण दूर ठेवलें म्हणजे सोंवळ्याची अडचण उरत नाहीं. मग काम वांटून घेण्यास हरकत कोणती? गंगाखेड हें संत जनाबाईचें गांव. दळण, कांडण, झाडलोट यांतच तिला विठ्ठल भेटला, असें सांगत आपण मोठे झालों. तेव्हां फडकें पिळण्यांत कर्त्या पुरुषास कमीपणा वाटूं नये. घरांत गर्भवती असेल तर वाळूची पाटी दुसऱ्यानेंच साफ करावी, कारण मांजराच्या विष्ठेंतून गर्भास बाधक असा संसर्ग होऊं शकतो. शाळकरी मुलांकडे एक वही द्यावी: आज किती खाल्लें, किती वेळां लघवी झाली, रक्त दिसलें काय, आठवड्यास वजन किती.

ही वही शेवटचा निर्णय घेतांना उपयोगी पडते. हा रोग बहुधा बरा होत नाहीं. मांजर खात आहे, उन्हांत येऊन बसतें, हांक मारल्यास मान वळवितें, तोंवर ओलीं फडकीं धुण्याचा कंटाळा हें त्याच्या मरणाचें कारण होऊं शकत नाहीं. उलट, औषध देऊनही वेदना थांबत नाहींत, अन्न सुटलें, लघवी पुनः पुनः तुंबते, अशा वेळीं पशुवैद्य सुईनें शांत मरण देऊं शकतो. मांजर मारल्याचें पाप सोन्याचें मांजर दान केल्यावांचून फिटत नाहीं, ही समजूत अजून आहे. पण पापाचा विचार हेतूवांचून होत नाहीं. त्रास चुकविण्यासाठीं मारणें आणि असह्य वेदना संपविणें या एकच गोष्टी नव्हेत. कोणती लक्षणें दिसलीं म्हणजे तिकडे वळावयाचें, हें घरांतील वडीलधाऱ्यांनीं, सुनेनें आणि मुलांनीं एकत्र बसून आधींच ठरवावें. ऐन वेळीं, तुंबलेलें मांजर ओरडत असतां, तें ठरविणें कोणासच साधत नाहीं.