विश्लेषण : परसातल्या पिंपात कचरा जाळणे किती घातक? कायदा काय सांगतो?

घंटागाडी येत नाही, आली तरी सुका कचरा घेत नाही, मग करायचे काय? गावाकडच्या परसात, शहराबाहेरच्या बंगल्यांच्या आवारात आणि सोसायट्यांच्या मागच्या बाजूला या प्रश्नाचे उत्तर एका जुन्या लोखंडी पिंपात सापडते. पालापाचोळा, पुठ्ठे, दुधाच्या पिशव्या, फाटका फ्लेक्स असे सारे त्यात टाकून काडी लावली, की तासाभरात कचरा नाहीसा होतो. अमेरिकेत या पिंपाला ‘बर्न बॅरल’ म्हणतात. ते बनवायचे कसे, याच्या चित्रफितीही पाहायला मिळतात. मात्र कचरा खरेच नाहीसा होतो का, आणि कायद्याने हे चालते का, याचा हा आढावा.

‘बर्न बॅरल’ म्हणजे काय?

साधारण २०० लिटरचे पोलादी पिंप, म्हणजे आपल्याकडे तेलासाठी किंवा पाणी साठवायला वापरतात तेच. त्याचे वरचे झाकण कापतात, तळाशी व तळालगतच्या बाजूंना भोके पाडतात आणि ते विटांवर ठेवतात. भोकांतून खालून हवा येते आणि पावसाचे पाणी निघून जाते. वरून बारीक जाळी टाकली, की ठिणग्या आणि जळते कागद उडत नाहीत. उघड्यावरच्या ढिगापेक्षा यात आग आटोक्यात राहते, हा त्याचा खरा फायदा. पण तो फक्त आगीपुरता आहे. धुरात काय आहे, यावर पिंपाचा काहीच ताबा नसतो.

पिंपातली आग ‘वाईट’ का जळते?

कचऱ्यापासून वीज करणाऱ्या आधुनिक प्रकल्पांत धुराला किमान ८५० अंश सेल्सिअस तापमानात दोन सेकंद ठेवावे, असा युरोपीय संघाचा दंडक आहे. त्यानंतर धूर झपाट्याने थंड करून गाळला जातो. पिंपात यातले काहीच होत नाही. दाबून भरलेल्या ओल्या-सुक्या कचऱ्याला पुरेशी हवा मिळत नाही, आग धुमसत राहते आणि तापमान कमी-जास्त होते. साधारण २०० ते ४५० अंशांचा पट्टा डायॉक्सिन या विषारी संयुगांच्या निर्मितीला पोषक असतो, आणि धुमसणारा कचरा व थंड होणारा धूर नेमका त्याच पट्ट्यात असतो.

डायॉक्सिनसाठी क्लोरीन लागतो. तो पीव्हीसीमध्ये, म्हणजे वायरचे वेष्टण, पाइपचे तुकडे आणि फ्लेक्सच्या फलकांत भरपूर असतो. पण पीव्हीसी वगळले म्हणजे सुटलो, असेही नाही. उरलेल्या अन्नातल्या मिठातूनही क्लोरीन मिळतो. तांब्यासारखे धातू या प्रक्रियेला गती देतात. म्हणूनच तांबे काढण्यासाठी वायरी जाळणे हा सर्वांत वाईट प्रकारांपैकी एक.

संशोधन काय सांगते?

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने पिंपांत घरगुती कचरा प्रत्यक्ष जाळून धूर मोजला. सन २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाने अनेकांना धक्का दिला. रोज पिंपात कचरा जाळणारी अवघी २ ते ४० कुटुंबे मिळून जितके डायॉक्सिन व तत्सम घटक हवेत सोडतात, ते दिवसाला २०० टन कचरा जाळणाऱ्या, प्रदूषण-नियंत्रण यंत्रणा असलेल्या प्रकल्पाइतके असू शकते. कचरा थोडा असला तरी धूर थेट नाकाच्या उंचीवर सुटतो, हेही लक्षात घ्यायला हवे.

डायॉक्सिनपैकी सर्वांत घातक प्रकाराला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. हे घटक चरबीत साठतात आणि वर्षानुवर्षे टिकतात. राख अंगणात पडते, कोंबड्या तिथेच टिपतात आणि विष अंड्यांत उतरते. गवतावर बसलेला धुराचा अंश गाई-म्हशींच्या दुधात जातो. त्यामुळे धूर श्वासात घेतला नाही म्हणजे धोका टळला, असे होत नाही. सूक्ष्म धूलिकण आणि कार्बन मोनॉक्साइड यांचा त्रास मात्र तत्काळ होतो, विशेषतः लहान मुले, वृद्ध आणि दम्याच्या रुग्णांना.

अमेरिकेत हे पिंप गेले का?

काही ठिकाणी गेले, काही ठिकाणी नाही. लॉस एंजेलिसमध्ये एकेकाळी घरोघरी परसात कचरा जाळण्याच्या भट्ट्या होत्या. शहरावर साचणाऱ्या धुरक्याविरुद्धच्या लढ्यात १ ऑक्टोबर १९५७ पासून त्यांच्यावर बंदी आली. लोकांची नाराजी होतीच, पण बंदी टिकली, कारण तिच्या जोडीने कचरा उचलण्याची व्यवस्थाही उभी राहिली. कॅलिफोर्नियाने २००४ पासून घरगुती कचरा जाळणे आणि त्यासाठी पिंप वापरणे बहुतांश भागांत बंद केले. विरळ वस्तीच्या काही भागांना सूट द्यावी लागली, कारण तिथे कचरा गाडी पोहोचतच नव्हती. अनेक राज्यांच्या ग्रामीण भागांत आजही नियम सैल आहेत.

भारतात कायदा काय आहे?

८ एप्रिल २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी कचरा करणाऱ्याने तो रस्त्यावर किंवा आपल्या आवाराबाहेरच्या मोकळ्या सार्वजनिक जागेत टाकणे, जाळणे वा पुरणे यास मनाई केली. सफाई कामगारांनी झाडलेली पाने जाळू नयेत, असेही स्पष्ट म्हटले. यात दोन फटी होत्या. एक, ‘आवाराबाहेर’ या शब्दामुळे परसातल्या पिंपाचे काय, हा प्रश्न उरला. दुसरी, नियमांचा रोख शहरे, जनगणना शहरे आणि शहरालगतच्या वस्त्यांवर होता, निव्वळ ग्रामीण भागावर नव्हता.

पहिली फट राष्ट्रीय हरित लवादाने २२ डिसेंबर २०१६ च्या आदेशाने बऱ्याच अंशी बुजवली. अल्मित्रा पटेल यांच्या याचिकेवर लवादाने कचराभूमीसह सर्वत्र उघड्यावर कचरा जाळण्यास पूर्ण बंदी घातली. साध्या प्रकरणात पाच हजार आणि मोठ्या प्रमाणात कचरा जाळल्यास २५ हजार रुपये भरपाई ठरवली. भारतीय न्याय संहितेच्या कलम २८० खाली हवा आरोग्यास अपायकारक करणे हा गुन्हा आहे. आगीबाबतच्या निष्काळजीपणासाठी कलम २८७ मध्ये सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

महाराष्ट्रात अडते कुठे?

जानेवारी २०१६ मध्ये मुंबईत देवनार कचराभूमीला लागलेल्या आगीचा धूर उपग्रह छायाचित्रांत दिसला. अशा आगीची बातमी होते, परसातल्या पिंपाची होत नाही. मुंबई महापालिकेचा कचरा जाळल्याबद्दलचा दंड तर २०२५ पर्यंत अवघा १०० रुपये होता. तो त्या वर्षी एक हजार करण्यात आला. तरीही तो लवादाने ठरवलेल्या रकमेच्या पाचवा हिस्साच आहे.

दुसरी अडचण सवयीची. कोकणात भाताच्या रोपांसाठी राब भाजणे, आंघोळीच्या पाण्यासाठी बंब किंवा चूल पेटवणे, पाचोळ्याची शेकोटी करणे हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. तेव्हा जळत होते ते गवत, गोवऱ्या, नारळाच्या सोडणी आणि काटक्या. आता त्याच चुलीत वेफर्सची पाकिटे आणि प्लास्टिकच्या पिशव्या जातात. सवय जुनीच आहे, जळण मात्र बदलले. ज्या गावात सुका कचरा उचलणारी गाडीच नाही, तिथे केवळ दंडाची पाटी लावून हे थांबणार नाही.

मग करायचे काय?

पालापाचोळ्याचा प्रश्न सर्वांत सोपा आहे. तारेच्या जाळीचा गोल पिंजरा करून त्यात पाने भरावीत, अधूनमधून पाणी आणि शेणकाला शिंपडावा. काही महिन्यांत खत तयार होते. पुण्यात पाने जाळण्याऐवजी ती हव्या असणाऱ्यांपर्यंत पोहोचवण्याचे नागरिकांचे प्रयत्न झाले आहेत. प्लास्टिक धुऊन, वाळवून पोत्यात साठवले तर त्याला वास येत नाही आणि महिन्यातून एकदा भंगारवाल्याकडे किंवा संकलन केंद्रात देता येते.

बंदी नसलेल्या भागात रोगट फांद्या किंवा काटेरी झुडपे जाळावीच लागली, तर काही पथ्ये पाळायलाच हवीत. रसायन किंवा इंधन भरलेले पिंप गॅस कटरने वा ग्राइंडरने कापू नये. आत उरलेल्या वाफेचा स्फोट होऊ शकतो. जस्ताचा मुलामा असलेले पिंपही नको. भोवतीची किमान तीन मीटर जागा साफ असावी, वर झाडाच्या फांद्या किंवा विजेच्या तारा नसाव्यात, गवताची गंजी जवळ नसावी. वारा असताना पेटवू नये, रॉकेल-पेट्रोल ओतू नये, पाण्याची बादली व फावडे हाताशी ठेवावे आणि आग पूर्ण विझेपर्यंत जागा सोडू नये. राखेत निखारे दिवसभर किंवा त्याहून जास्त जिवंत राहतात. निव्वळ लाकडाची राख माडाच्या आळ्यात चालते, प्लास्टिक जळालेली राख नाही.

पिंप कितीही नीट बनवले, तरी त्यामुळे फक्त आग सुरक्षित होते, धूर नाही. तो थांबवायचा तर दंडाची रक्कम वाढवण्याआधी ग्रामपंचायतीची सुक्या कचऱ्याची गाडी ठरल्या दिवशी दारात यायला हवी.